बर्फातून साताऱ्याला

साताऱ्यात शाहूपुरीतल्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात देताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी त्याला दोन सूचना केल्या. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावा, आणि टाकी भरली की मोटर लगेच बंद करा. मग ते टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि म्हणाले, "चला, निघू या." आईला जाऊन वर्ष झालं होतं. मी एकुलती एक, आणि मी राहते न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. त्यांना इकडे आणण्यावाचून दुसरा इलाज नव्हता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. मागच्या सीटवर मी रडत होते. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर अण्णा चहा घेऊ म्हणाले.

वीस वर्षांपूर्वी मी त्याच घरातून निघाले तेव्हा अशी रडले नव्हते. तेव्हा परत यायला घर होतं.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी मोटरसायकल अशी पळवायचे की आई मागे बसून रामरक्षा म्हणायची. इथे त्यांना गाडी चालवता येईना, तेवढं एक त्यांना लागलं. म्हणून नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा निवड त्यांच्यावर सोडली. आमची जुनी गाडी आदल्या हिवाळ्यात बर्फावर गरकन फिरली होती, त्यामुळे माझ्या नवऱ्याला, निलेशला सेफ्टी हवी होती. मला रोजचं ऑफिस विजेवर व्हायला हवं होतं. अण्णांना वेग. सेल्समन आम्हाला एका अगडबंब गाडीकडे न्यायला लागला तर अण्णा म्हणाले, "ही म्हशीसारखी बसलीय. ती लाल बघ." लाल गाडी प्लग-इन हायब्रिड निघाली. घरच्या प्लगवर चार्ज व्हायची, चार्ज संपला की पेट्रोलवर पळायची, चारही चाकांना जोर. माझी मुलगी इरा म्हणाली, "आजोबा हॅज टेस्ट." बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. थंडीच्या तोंडावर बर्फावर पकड धरणारे स्नो टायर चढवले, तेव्हा नव्या गाडीचे टायर कशाला बदलता म्हणून अण्णा जरा कुरकुरले. थंडीत तिलाही स्वेटर लागतो, असं निलेशनं समजावल्यावर त्यांना पटलं.

गाडी प्लगला लावणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पण चार्जिंग झालं की प्लग काढायचा, हा आमच्या घरचा धर्म. अमेरिकेत येऊन तो बदलेल कसा? ते पहाटे उठायचे, गराजमध्ये जाऊन प्लग काढून ठेवायचे, आणि बॅटरी फुगण्यापासून वाचवली म्हणून समाधानानं दात घासायला जायचे. खरं तर प्लग लावलेला असला तरच गाडी सकाळी भिंतीतल्या विजेवर आतून गरम होऊन तयार राहते. मला रोज बर्फगार गाडीत बसून हात चोळत ऑफिसला जावं लागे, आणि ऊब द्यायला इंजिन पहिल्या मिनिटाला घरघरायला लागे. निलेशनं त्यांना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ते हो म्हणाले आणि पहाटे प्लग काढला. आम्ही खूप हसलो त्या हिवाळ्यात.

दुसऱ्या हिवाळ्यात हसू गेलं. आधी ते शेजाऱ्यांची नावं विसरले, मग इराला मंजू म्हणू लागले. मंजू म्हणजे मी. मग रोज साडेचारला, अंधारायला लागलं की, ते कोट घालायचे, मफलर गुंडाळायचे आणि पिशवीत टॉवेल नि बिस्किटांचा पुडा भरून गराजच्या दारात उभे राहायचे. "मंजू, मला घरी सोड."

सुरुवातीला मी खरं सांगायची. अण्णा, ते घर आपण विकलं. ते दरवेळी पहिल्यांदाच ऐकायचे. आई गेली त्या दिवशी त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसा व्हायचा. एकच घर मी त्यांच्याकडून रोज संध्याकाळी काढून घेत होते. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, वाद घालू नका, एक चक्कर मारून आणा.

मग आम्ही रोज साताऱ्याला निघायचो. गाडी विजेवर इतकी गुपचूप चालायची की अण्णा बेचैन व्हायचे, बंद पडली का विचारायचे. मी स्पोर्ट मोड लावायची. इंजिन घुमायला लागलं की ते मागे टेकून बसायचे. एवढी महागडी विजेची गाडी घेऊन मी म्हाताऱ्या बापासाठी पेट्रोल जाळत हिंडत होते, आणि दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा. एका चढाशी ते विचारायचे, "खंबाटकी आला का?" मी हो म्हणायची. मग उतार, मग आमचीच गल्ली, आमचंच दार. "आलं," ते म्हणायचे, आणि मुकाट आत जायचे.

साताऱ्याहून काकू फोनवर म्हणाल्या, इथे असते तर चार ओळखीची माणसं दिसली असती गं. तिथे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांच्या मनात हेच आहे, मला माहीत आहे. इथे आणल्यामुळे हे झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. मला मात्र रोज तसंच वाटायचं. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना विमानात बसवून इकडे आणलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जानेवारीत एका दुपारपासून बर्फ पडायला लागला. शाळा लवकर सुटल्या, मी ऑफिसातून लवकर आले. साडेचारला अण्णा पिशवी घेऊन दारात. उद्या जाऊ म्हटलं तर ते दारावर हात आपटून लहान मुलासारखे रडायला लागले. निलेश म्हणाला, "वेडी आहेस का? बाहेर बघ काय पडतंय." मी किल्ली घेतली. त्यांना त्या दिवशीही घरी पोचवायचं, एवढंच मला कळत होतं.

रस्ता पांढरा, रेषा दिसत नव्हत्या. एका वळणावर दुसरी एक गाडी कडेला तिरकी अडकली होती. आमची टायर रोवून हळूहळू चालत राहिली. उताराशी अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ब्रेकवर उभी राहू नकोस. गिअरवर येऊ दे." मी तशीच आणली. इतकं स्वच्छ ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते, आणि मला वेडी आशा वाटली.

दारात निलेश दिवा लावून उभा होता. "आलं," अण्णा म्हणाले. उतरले, आणि फिरून माझ्या खिडकीशी आले. मी काच खाली केली.

"ताई, तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले. "आता तुम्ही निघा. बर्फ वाढतोय."

मी उतरायला दार उघडलं तर त्यांनी ते हलकेच परत लावलं. आत नका येऊ, उशीर होईल, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते पायरीवर जाऊन हात वर करून उभे राहिले. आमच्याकडे पाहुण्याची गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत कुणी आत जात नाही. निलेशनं खांद्याला धरलं तरी ते हलेनात. मी गेल्याशिवाय ते त्या थंडीतून आत जाणार नव्हते. म्हणून मी माझ्याच घरासमोरून गाडी मागे घेतली आणि गेले. कोपऱ्यावर, स्कूल बसच्या थांब्यापाशी थांबले. तिथे मी मोठ्यानं रडले. हीटर चालू होता, सीट गरम होती, काही कमी नव्हतं.

निलेशचा मेसेज आल्यावर मी परत गेले. अण्णा झोपले होते. मार्चमध्ये ते गेले. त्या बर्फाच्या संध्याकाळी आत आल्यावर ते काय म्हणाले, हे निलेशनं मला त्यानंतर सांगितलं. आधी धीर झाला नाही म्हणाला. अण्णा खिडकीशी बसून बराच वेळ रस्त्याकडे बघत होते, आणि त्याला म्हणाले, "झकास गाडी चालवते हो ती मुलगी. एवढ्या बर्फात एकटी गेली. तिच्या घरी वाट बघणारं कुणी असेल ना?"

होतं, अण्णा. तुम्ही होतात.