सात मोरांचा पंचनामा

पंचनाम्यात ‘सात मोर मृत’ असं लिहिलेलं होतं. मी वाकून पाहिलं. मोर दोनच होते, बाकी पाच लांडोरी.

“रेंजरसाहेब, हे दुरुस्त करा,” मी म्हणालो.

“डॉक्टर, मोर काय नि लांडोर काय, शेड्यूल वनच. तुम्ही तेवढं पोस्टमॉर्टम उरका.”

शेड्यूल वन म्हणजे वन्यजीव कायद्यातली सगळ्यात कडक यादी. वाघ त्या यादीत आहे आणि मोरही. त्या गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला सहजी जामीन मिळत नाही. आणि असा माणूस तिथे आधीच सापडलेला होता. कडुनिंबाखाली सुभानचाचा बसले होते, पुढ्यात मोरपिसांचं पोतं, डोक्याशी वनरक्षक तायडे उभा. माझा रिपोर्ट यायच्या आधीच पंचनाम्यात त्यांचं नाव लिहून झालं होतं.

मी तेव्हा देऊळघाटच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात होतो. गाई, म्हशी, बकऱ्या हे रोजचं काम. पण जंगलात काही मेलं की वनखातं जवळच्या व्हेटर्नरी डॉक्टरलाच बोलावतं, कारण पोस्टमॉर्टमवर त्याची सही लागते. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारी कपाशी येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मे महिना सरत आला होता. आमच्याकडचं जंगल सागाचं आणि धावड्याचं, उन्हाळ्यात पार उघडं पडतं. ते एका नाल्यापाशी संपतं आणि नाल्याच्या अलीकडे लगेच वावरं सुरू होतात. सातही पक्षी त्या नाल्याच्या काठावर पडले होते.

माझा स्वभाव संशयी आहे. तो धंद्याने झाला. मालक सांगतो, म्हैस कालपासून खात नाही, तेव्हा ती आठ दिवसांपासून खात नसते. त्यामुळे तिथे पोचल्याबरोबर मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. रेंजर नको तेवढ्या घाईत होता. पंच म्हणून बोलावलेले नामदेवराव न वाचताच सही करायला निघाले होते. पंच म्हणजे सरकारी कागदावर सही करणारा गावातला साक्षीदार. आणि चाचा मान वर करत नव्हते.

“चाचा, ही पिसं कुठली?”

“भादव्यातली हाय साहेब. मोर पिसं टाकते ना तवा. दरसाल वेचतो मी नाल्याच्या काठानं. मोरछल बांधतो.”

मोरछल म्हणजे पिसांचा जुडगा. डोक्यावरून फिरवतात. चाचांकडून दर्ग्यावाले नेत आणि देवीच्या देवळातलेही नेत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तायडेलाही ठाऊक होतं, पण तो त्या दिवशी काही बोलला नाही.

मी पोत्यातली पिसं एकेक करून पाहिली. गळून पडलेल्या पिसाचं बूड कोरडं आणि पांढरं असतं. उपटलेल्या पिसाच्या बुडाशी रक्त किंवा कातडीचा कण वाळून चिकटलेला सापडतो. चाळीसेक पिसं पाहिली, सगळी गळलेली. शिवाय मेलेल्या दोन्ही मोरांचे पिसारे जागच्या जागी होते. पिसांसाठी मारणारा माणूस पिसारा सोडून घरी जातो काय? आणि लांडोरीला तर पिसाराच नसतो.

“मटणासाठी मारल्या असतील,” रेंजर म्हणाला.

“सात मारले आणि एकही नेला नाही?”

“न्यायला येणार होता. तायडेने त्याआधी पकडला.” मग माझ्याकडे जरा रोखून बघत, “डॉक्टर, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?”

“बकऱ्या आणतात दवाखान्यात.”

“हं. मग बरोबर आहे.”

मला सणकून राग आला. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. हातमोजे घातले आणि कामाला लागलो.

जखम नव्हती, फासाचा वळ नव्हता, छर्रा नव्हता. अंगावर मांस चांगलं होतं, म्हणजे उपासमार नाही, जुनं दुखणं नाही. पायांची बोटं मात्र आवळलेली आणि चोचीतून चिकट लाळ. आता पक्ष्याच्या मानेच्या बुडाशी एक थैली असते. घरी कोंबडी कापणाऱ्याला ती माहीत असते. खाल्लेलं आधी त्या थैलीत साठतं, मग पोट्यात दळलं जातं. पक्ष्याने शेवटी काय खाल्लं ते ही थैली सांगते.

पहिल्या लांडोरीची थैली उघडली. आत सरकी होती, म्हणजे कपाशीचं बी. पण गुलाबी रंगाची. दुसरीतही तीच, मोरातही तीच. हा रंग शोभेचा नसतो. कंपनी बियाण्याला कीडनाशक चोपडते, ते कळावं म्हणून रंग देते. उगवणाऱ्या रोपाचा रस किड्यांनी पिऊ नये यासाठी ते औषध. पाखराने मूठभर खाल्लं तर त्याचं काय होतं, ते समोर पडलेलं होतं.

तायडेने नमुन्यासाठी फॉर्मेलिनची बरणी पुढे केली. मी ती परत दिली. विष तपासायचं असेल तर फॉर्मेलिन चालत नाही, सगळा तपास वाया जातो. मिठाचं दाट पाणी लागतं. नामदेवरावांनी घरून जाडं मीठ आणून दिलं. मी बरण्या भरून सील केल्या.

“बघा,” रेंजर म्हणाला, “विषच निघालं की नाही? तायडे, याच्याकडे कपाशी आहे का?”

“हाय साहेब. दीड एकर, विहिरीवरची. वांगी-टमाटे बी हायत.”

“मग आमिष हेच.”

चाचांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “म्या तं कवाच लावली कपाशी. उगवली बी. मले काऊन धरून राह्यले तुमी?”

खोटं कशाला सांगू, त्या घडीला माझाही चाचांवरचा विश्वास डळमळला. पिसं भादव्यातली असतील, पण बियाणं तर कालपरवाचं. इतका वेळ हा माणूस मला बनवत तर नाही? रेंजरला म्हटलं, मी याचं वावर पाहून येतो, तोवर सही नाही. तायडेला घेतलं आणि धुऱ्याधुऱ्याने निघालो. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

चाचांच्या वावरात विहिरीच्या पाण्यावर रोपं दोन पानांवर आली होती. चारही कडांना सहा-सहा तासं, म्हणजे ओळी, वेगळी लावलेली, तीही उगवलेली. कोपऱ्यात काडीला एक छोटं रिकामं पाकीट उलटं घातलेलं. मी ठिकठिकाणी माती उकरली. जमिनीवर सांडलेलं एक बी मिळालं नाही.

त्या छोट्या पाकिटाचं समजून घ्यायला हवं. बीटीच्या थैलीसोबत साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचं एक लहान पाकीट यायचं. ते वावराच्या कडेने पेरायचं. तिथे बोंडअळी लागू द्यायची, म्हणजे साधी अळी शिल्लक राहते, बीटी पचवणाऱ्या अळीशी तिचा संकर होतो आणि सगळीच अळी बीटीला सरावत नाही. थोडक्यात, किड्यांची एक जात टिकावी म्हणून दिलेलं ते पाकीट होतं. हे शेतकऱ्याला नीट कोणी सांगितलं नव्हतं. जे सांगितलं ते पाकिटाच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात.

परत येताना माझी नजर खाली होती. नामदेवरावांच्या धुऱ्यावर फुफाट्यात गुलाबी ठिपके दिसले. बसलो. सरकीच होती, ओंजळीने उधळलेली. पुढे फाडलेलं छोटं पाकीट. त्यापुढच्या धुऱ्यावरही तेच, त्यापुढेही तेच. नाल्याला लागून असलेल्या प्रत्येक वावराची कड गुलाबी.

नामदेवरावांना तिथेच बोलावलं. “हे काय आहे?”

“ते फुकटचं पाकीट हो साहेब. थैलीसंग येते.”

“पेरलं का नाही?”

“त्याले अळी लागते. आपल्याच वावरात अळी कोन पोसन?” मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा, कारण आवाज बदलला. “तुमी काय कृषीवाले हाय काय? आमी नेम मोडला नाही. दुकानदारानं सांगतलं, कडेनं टाका. टाकलं कडेनं. साऱ्या गावानं टाकलं.”

बाकी शिवारात धूळपेरणी झाली होती, म्हणजे पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत पेरणी. मातीआडचं बी पाखरांना सापडत नव्हतं. धुऱ्यावरचं उघडं पडलेलं होतं. जंगलात त्या दिवसांत खायला काही नसतं. मोर नाला ओलांडून येत होते आणि वाढून ठेवलेलं खात होते.

मी रेंजरला धुरा दाखवला. त्याने वाकून सरकी उचलून पाहिली. माणूस वाईट नव्हता. जंगल राखायचं म्हणजे माणसं आत शिरू द्यायची नाहीत एवढं त्याला शिकवलेलं होतं. विष स्वतः आत न शिरता पाखराला बाहेर बोलावून घेतं, हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

“डॉक्टर, एका माणसाला धरता येतं. अख्ख्या शिवाराला कसं धरू?”

“मग त्या एकाला तरी सोडा.”

“नाव लिहून झालंय. लॅबचा रिपोर्ट येऊ द्या.”

मी रिपोर्टात धुऱ्याचं सगळं लिहिलं आणि पाच लांडोरी, दोन मोर हेही लिहिलं. नामदेवरावांनी पंच म्हणून खाली सही केली, या वेळी वाचून. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गाव गोळा केलं. बाया-माणसांनी खराटे घेऊन धुरे झाडले आणि सरकी खोल खड्ड्यात गाडली. त्यानंतर एक लांडोर मेली, मग थांबलं. चाचांना मात्र नऊ दिवस आत काढावे लागले, मग माझ्या रिपोर्टावर जामीन मिळाला. विहिरीची मोटर सुरू करायला घरी दुसरं कोणी नव्हतं. वांगी आणि टमाटे वाळून गेले, कपाशीही निम्मी गेली. लॅबचा रिपोर्ट पुढे सावकाश आला, मी लिहिलं होतं तेच त्यात होतं, आणि केस बंद झाली.

पाऊस लागल्यावर चाचा एक बकरी घेऊन दवाखान्यात आले. मी जरा खुशीतच होतो. या माणसाला आपण सोडवलं असं मनात होतं.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा की.”

“त्या दिवशी तुमी पह्यले कोनाच्या वावरात गेलते?”

“तुमच्या. गेलो म्हणून तर सुटलात चाचा.”

“हाव, थे तं हायेच. तुमचे उपकार हाय.” ते बकरीच्या पाठीवरून हात फिरवत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. “पन मोर पडले होते तिथून माह्या वावरात याले नामदेवरावचा धुरा लागते. त्याच्यावरूनच चालत आले तुमी. सरकी तवा बी तिथंच होती.”

जाताना मी समोर पाहत चाललो होतो, चाचांच्या वावराकडे. पायाखालची सरकी तुडवत गेलो होतो.

थर्मामीटर काढून पाहिला, एकशे पाच ताप होता. बकरीला इंजेक्शन दिलं आणि तीन दिवसांनी परत आणायला सांगितलं. ते आले नाहीत. पुढे चिखलीच्या डॉक्टरकडे जाऊ लागले असं कळलं.

नोकरीत नंतर बरीच पोस्टमॉर्टम केली. दर वेळी आधी मेलेल्या जनावराभोवतीची जमीन पाहिली. कोणाला धरून बसवलंय ते नंतर विचारलं.