भासऱ्यांच्या कुत्र्याविरुद्ध माझी चिठ्ठी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. समुद्रपूरकडच्या एका गावात संक्रांतीनंतर कुत्र्यांच्या शर्यती भरायच्या. मोटारसायकलीमागं दोरीला चिंध्यांचा ससा बांधायचा अन् त्याच्यामागं कुत्री सोडायची. आमच्या भासऱ्यांचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा, काळा कुत्रा दरवर्षी पहिला. मला कोडं पडायचं, घरी ओट्यावर लोळत पडणारा हा आळशी इथं असा कसा सुटतो?

तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. त्या वर्षी बायकांतून निसटले अन् बैलगाड्यांच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. भासऱ्यांनी खिशातून पुडी काढली, कुत्र्याचं शेपूट उचललं, खाली बोटानं काहीतरी चोळलं. कुत्रा कळवळला. ते गेल्यावर खाली पडलेली पुडी मी उचलली. औषध असेल म्हणून, आता हसू नका, जिभेला लावून पाहिलं. मिरचीपूड! आमच्याच किराणा दुकानातली, मीच चाळलेली. ती पुडी कुठं लागून आली असेल, हे मला नंतर सुचलं.

कुत्रा पहिली फेरी जिंकला अन् बूड मातीत घासत गोल फिरू लागला. शेवटची फेरी बाकी होती. भासऱ्यांचा हात पुन्हा खिशाकडं गेला.

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण भासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चूप राह्य. दादा हाये तो."

मंडपात जनावरांचे डॉक्टर पाहुणे म्हणून बसले होते. पिशवीत कागद सापडला. त्यावर लिहिलं, 'डॉक्टरसाहेबांस विनंती, काळ्या कुत्र्याच्या शेपटाखाली तिखट लावले आहे. पुढच्या फेरीआधी तपासावे.' स्वतःचं नाव घातलं नाही, केवढी अक्कल! पदर ओढून चिठ्ठी त्यांच्यापुढच्या टेबलावर सरकवली.

आता त्या टेबलावर येणारी प्रत्येक चिठ्ठी कोणाकडून किती बक्षीस, हे जाहीर करायचीच असायची. माईकवाला ती वरपासून खालपर्यंत धडाधड वाचायचा. अन् माझा कागद होता आमच्या दुकानाच्या बिलबुकातला, वर नाव छापलेला.

लाउडस्पीकरवर आमच्या दुकानाचं नाव गरजलं. भासरे ऐटीत उठले, हात जोडून चहूकडं नमस्कार करू लागले. "...यांच्याकडून, डॉक्टरसाहेबांस विनंती, काळ्या कुत्र्याच्या शेपटाखाली..." जोडलेले हात तसेच राहिले.

"काऊन भाऊ, कुत्र्याचा रस्सा करून राह्यले का?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

डॉक्टरांनी शेपूट उचलून पाहिलं अन् पाण्याची बादली मागवली. "कातडं सोललंय याचं. हा आज पळणार नाही."

घरी भासरे ह्यांच्याकडं तोंड करून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिले सांग, एवढी दया येते त आता तिनंच पाहावं कुत्र्याचं."

पाहिलं. रोज खोबरेल लावलं. दोनदा चावला.

पुढच्या वर्षी भासऱ्यांनी त्याला पळवलं, बिनतिखटाचं. डॉक्टर मुद्दाम शेपूट उचलून पाहत होते. कुत्रा थोडा धावला, मग चालला, मग मैदानाच्या मधोमध बसून बाकीची कुत्री कुठं चालली ते पाहत राहिला. माझं कोडं एकदाचं सुटलं.

भासरे सरळ माझ्याकडं वळले. "झालं समाधान?"

तेरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले होते. "हो जी," मी म्हटलं, अन् हसू दिसू नये म्हणून पदर आणखी पुढं ओढला.