काकांनी करून दिलेली ओळख

काका कुणाचीही ओळख करून देताना आधी त्याच्या पाठीवर पंजा ठेवत, त्याला जरासं पुढे ढकलत आणि मग बिनदिक्कत थाप मारत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेलच. आमचे काका बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि तोंडात एकच पालुपद, "अरे, हे साधे नाहीत!"

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले असतील, आम्ही सांगलीहून तिथे राहायला आलो. मला नोकरी लागली होती, म्हणून मी खुशीत. बायको मात्र नाइलाजाने आली होती. सांगलीला ती शाळेत मराठी शिकवायची. इथे दिवसभर नळाच्या पाण्याची नाहीतर गेलेल्या विजेची वाट बघत बसायची. बोलायला माणूस नाही. "दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर मुलीला घेऊन माहेरी जाते," असं तिने मला साफ सांगितलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. राहायचंच नाही तर पडदे कशाला, म्हणून खिडकीला एक जुनी चादर ठोकून दिली होती. मी रोज त्या चादरीकडे बघायचो आणि दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायचो.

चादर काकांनाही खुपली. एका रविवारी सकाळी ते दारात हजर.

"जयभीम साहेब. चला, सगळ्यांनी चपला घाला. उल्हासनगरला पडद्याचं कापड बघू, जाता जाता गाव बघू."

"काका, पडदे नकोत आम्हाला," बायको म्हणाली.

"घ्या कोण म्हणतंय, ताई? नुसतं बघायचं. काकूने डबा पण भरलाय."

डबा भरल्यावर नाही म्हणता येत नाही. निघालो.

कोपऱ्यावर भाजीवाली भेटली. काकांचा पंजा बायकोच्या पाठीमागे हवेतच थांबला, कारण बाईमाणूस. पण बायको आपोआप पुढे झाली. "या आमच्या ताई. सांगलीला टीचर होत्या. साध्या नाहीत!" इथपर्यंत खरं होतं. अंबरनाथला शेअर रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला कळलं, की त्या हेडमास्तरीण होत्या. माझी ओळख मात्र दिवसभर "आणि हे त्यांचे मिस्टर" यापुढे सरकली नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात काकांना कुठली मूर्ती कुणाची, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती कुणासारखी दिसते एवढंच ते सांगत. "हा बघ, आपला सेक्रेटरी. मेंटेनन्स मागायला आला की असाच कमरेवर हात ठेवतो." आमची मुलगी खिदळत प्रत्येक दगडात शेजारीपाजारी शोधायला लागली. कुठूनसं आलेलं एक कुटुंब काकांना गाइड समजून आमच्या मागे चालू लागलं. त्यातल्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, "हे सेक्रेटरी कुठल्या काळातले?"

"दुसरा मजला," काका म्हणाले आणि पुढे गेले.

उल्हासनगरच्या कापडबाजारात काकांच्या ओळखीचं एक सिंधी दुकान होतं. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई. सगळा बाजार तिला भाभी म्हणायचा.

"भाभी, ये मॅडम कॉलेज में मराठी की प्रोफेसर. साधी नहीं है!"

"अहो काका!" बायको कुजबुजली. पण भाभींनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मराठी सिखाती हो? मेरे को सिखाओगी?"

भाभींच्या मुलीने विठ्ठलवाडीच्या एका मराठी मुलाशी लग्न केलं होतं. "मेरी समधन मराठी में सुनाती है. मैं समझती नहीं, तो हँस देती हूँ. फिर वो और सुनाती है. मेरे को झगड़ा करना है, मॅडम. एक बार. बराबर."

बायकोला हसू फुटलं, आणि इतकं, की तिने कापडाच्या गठ्ठ्याला धरलं. बदलापूरला आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मग डोळे पुसून, अगदी वर्गावरच्या चेहऱ्याने तिने विचारलं, "वो बोलती क्या है?"

भाभींनी तोंडपाठ म्हटलं, "'आमच्याकडे असं नसतं.'"

"त्यावर म्हणायचं, 'मग कसं असतं ते एकदा दाखवा.' म्हणा."

भाभी कात्री उगारून म्हणू लागल्या. आम्ही तिघं बाहेर गाडीवर दाल-पकवान खात थांबलो. बायको आली तेव्हा तिच्या हातात पिवळ्या कापडाचा गठ्ठा होता. "भाभी बुधवारपासून शिकवणीला येतायत," ती म्हणाली. "कमी पडलं तर आणखी कापड आणतील."

खरं सांगतो, मला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी पकवानचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

परतताना मी काकांना हळूच विचारलं, "प्रोफेसर काय म्हणालात?"

"जरा पुढचं सांगून ठेवायचं, साहेब. माणूस मागून पोचतो."

भाभींनी संक्रांतीला विहिणीशी अस्सल मराठीत भांडण केलं. विहीणबाई इतक्या खूश झाल्या, की तेव्हापासून रोज फोन करायला लागल्या. भाभींची आता तीच तक्रार होती.

काही वर्षांनी एका सकाळी काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. भाभी उल्हासनगरहून धावत आल्या. एव्हाना त्यांची मराठी फडाफड चालायची. पण शिकवणीत सगळी तयारी भांडणाचीच झालेली, असल्या दिवसाचे शब्द शिकायचे राहूनच गेले होते. काकूंचा हात धरून त्या सिंधीत बोलत राहिल्या आणि काकू "हो ना, हो ना" म्हणत रडत राहिल्या.

बायको आत काकूंच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकत होती. साखरेचा डबा तिने न विचारता वरच्या फळीवरून काढला. काकांच्या गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तिला विचारलं, "तू कुठली गं, पोरी?"

"इथलीच," बायको म्हणाली आणि कपांत चहा ओतू लागली.