मामांचे हात आणि अकरा पायऱ्या

आमच्या नाट्यगृहाच्या दारावरच्या मामांना सगळे ‘लिफ्टमामा’ म्हणायचे. हे नाव समितीच्या सेक्रेटरींनी ठेवलं होतं आणि दर वेळी त्यावर तेच पहिले हसायचे. मी तिथे तिकीटखिडकीत बसते, एकोणीस वर्षं झाली. समितीच्या बैठकांचं इतिवृत्तही मीच लिहिते. त्यामुळे झाल्या प्रकारात माझा हात किती, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

नाट्यगृह दिसायला देखणं. उंच खांब, पितळी कठडे आणि रस्त्यापासून दारापर्यंत अकरा पायऱ्या. मागच्या बाजूला सेटचं सामान आत न्यायला चांगला रुंद उतार आहे. नाटकातला सोफा तिथून चाकांवर सुळकन आत जातो. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला मात्र तिथून जायची परवानगी नाही, कारण तो उतार थेट रंगमंचावर निघतो आणि तिथे तारा, दोऱ्या, दिवे असतात. हे उत्तर मी खिडकीतून इतक्या जणांना दिलंय की झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेन.

मग अशी माणसं आत जायची कशी? मामा उचलून न्यायचे. तरुणपणी ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहायचे. नाट्यगृहात लागले ते तिकिटं फाडायला, पण पहिल्याच महिन्यात एक म्हातारे गृहस्थ पायऱ्यांपाशी अडले आणि मामांनी त्यांना अलगद वर नेलं. तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं, ते सव्वीस वर्षं. मामांनी मात्र ते कधी उरकून टाकल्यासारखं केलं नाही. प्रयोगाआधी पुन्हा अंघोळ, धुतलेला शर्ट, आणि त्या दिवशी जेवणात कच्चा कांदा नाही. "माणूस आपल्या नाकाशी येतो, ताई," ते मला म्हणायचे. "त्याला आपला वास कशाला?" आधी "उचलू का?" असं विचारायचे आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय हात लावायचे नाहीत. मग पायऱ्या मोठ्यानं मोजायचे, म्हणजे हातातल्या माणसाला किती उरल्या ते कळावं. खुर्ची मागून कँटीनवाला आणायचा. घरी मामींचा टोमणा ठरलेला होता, "जगाला उचलतात, घरातली बादली दिसली की यांची कंबर धरते." कंबर खरंच धरायची, पण ते फक्त मामी आणि मी जाणत होतो.

मामांनी सगळ्यात जास्त वेळा उचललं ते गणिताच्या बाईंना. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आजारात दोन्ही पाय गेलेले. महिन्यातून एकदा धाकट्या बहिणीबरोबर नाटकाला यायच्या आणि मध्यंतरात माझ्याकडे निरोप धाडायच्या की आज नायक दोन वाक्यं खाऊन गेला. नाटकाचं असं वेड मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. पण उचलून घेणं त्यांना मनापासून नको असायचं. एकदा मला म्हणाल्या, "मला वर नेताना लोक टाळ्या वाजवतात गं. मी तर अजून काही केलेलंच नसतं." रॅम्पसाठी त्यांनी सतरा अर्ज केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दर अर्जाला एकच उत्तर जायचं, ‘आपल्यासाठी सहायकाची सोय केलेली आहे’, आणि ते टाईप मी करायची.

गेल्या वर्षी नाट्यगृहाचं नूतनीकरण निघालं. नवा पडदा, नव्या खुर्च्या, पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट. आर्किटेक्टनं नकाशात डाव्या बाजूला रॅम्प काढला होता. बैठकीत सेक्रेटरींनी त्या रेघांवर बोट ठेवलं. "इथे कारंजं छान दिसेल. वर्षाकाठी येऊन जाऊन पाच-सहा माणसं येतात, आणि मामा आहेतच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लिहिलं, ‘रॅम्पची आवश्यकता नाही.’

बाहेर येऊन मामांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा फुलला. "बैठकीत माझं नाव निघालं?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो मामा, कसलं नाव घेऊन बसलात! तुम्ही उचलता म्हणून रॅम्प होत नाहीये. तुम्ही नसतात तर तो कधीच झाला असता." असं तोडून बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच बाईंच्या घरी गेले आणि माझं बोलणं जसंच्या तसं सांगून आले. बाई म्हणाल्या, "खरं आहे तिचं. उद्घाटनाला मी येते. तुम्ही उचलू नका. मी पायऱ्यांखाली बसून राहते, बघू देत सगळ्यांना." आम्हा तिघांना वाटलं, एवढे पाहुणे, एवढे कॅमेरे, कुणालातरी लाज वाटेल. आमची अक्कल ती एवढीच.

उद्घाटनाला बाई अर्धा तास आधी आल्या आणि पहिल्या पायरीसमोर खुर्ची लावून बसल्या. मांडीवर तिकीट. मामा वर दारात, हात मागे बांधून. मी खिडकी बंद करून खाली येऊन उभी राहिले. माणसं बाईंना वळसा घालून वर जात होती, काही जण ओशाळं हसत होते. पहिली घंटा झाली तसे सेक्रेटरी लगबगीनं बाहेर आले. "मामा, उचला की लवकर!"

"नाही साहेब," मामा म्हणाले. "रॅम्प करा."

लोक थबकले. आता बोलेल कुणीतरी, असं मला वाटलं, आणि बोललेही, पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "काय माणूस आहे!" "बिचारी खाली बसलीये आणि हा ढिम्म उभा!" "अहो, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" सेक्रेटरींना कुणी चकार शब्द विचारला नाही. सगळे मामांवरच तुटून पडले.

तेवढ्यात सुटातले दोन गृहस्थ पुढे झाले आणि न विचारता त्यांनी खुर्चीसकट बाईंना उचललं. बाई म्हणत होत्या, "नको, खाली ठेवा." लोकांना वाटलं, संकोच करतायत. सातव्या पायरीवर त्यातल्या एकाचा पाय नव्या ग्रॅनाइटवरून सटकला, खुर्ची कलली, आणि मामा वरून धावत आले. त्यांनी बाईंना वरच्यावर झेललं. माझा जीव भांड्यात पडला. मग मामा बाईंना घेऊन उरलेल्या चार पायऱ्या चढले, या वेळी न मोजता. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला काही ऐकू आलं नाही.

सकाळी तो फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होता. मामांच्या हातात बाई, डोळे मिटलेले. खाली छापलं होतं, ‘माणुसकी अजून जिवंत आहे’. समितीनं मामांचा सत्कार केला, फोटो मोठा करून प्रवेशद्वाराशी लावला. पुढच्या बैठकीत रॅम्पचा विषय ‘मामा आहेतच’ म्हणत दोन मिनिटांत निकाली निघाला, आणि मी तसं लिहिलं. आता तो फोटो पाहून लांबलांबची माणसं ‘ते उचलणारे मामा आहेत का?’ विचारत येतात. मामा कमरेला पट्टा बांधून उचलतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

बाई मात्र त्यानंतर आल्या नाहीत. तीन महिने वाट पाहून मामा पुढच्या प्रयोगाची दोन तिकिटं घेऊन त्यांच्याकडे निघाले. मीही बरोबर गेले. बहिणीनं दार उघडलं. बाई खिडकीपाशी वह्या तपासत बसल्या होत्या, शिकवणीच्या. मामांनी तिकिटं टेबलावर ठेवली.

"घेऊन जा मामा," बाई म्हणाल्या. "मी नाटक सोडलं."

"माझ्यावर राग धरू नका, बाई. तुम्ही पडला असता."

"झेललंत त्याचा राग नाही हो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण त्या फोटोत माझे डोळे मिटलेत ना, लोकांना वाटतं, बाईंना किती बरं वाटतंय. मी तेव्हा तुम्हाला म्हणत होते, मामा, मला खाली न्या, घरी जायचंय."

मामांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"ऐकू आलं होतं बाई," ते म्हणाले. "पण सगळे बघत होते. पाय वरच गेले."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानाशीच तर बोलले होते. म्हणूनच आता येणार नाही." आणि त्यांनी पुढची वही उघडली.