दाराबाहेरची कुबडी

आधी रत्नमालामावशींचं नाव लिहिते. बाकीचं मागून.

मी त्यांच्याकडं एका खोलीत भाड्यानं राहते. त्या सावंगीला मेसवर पोळ्या लाटायला जातात. माझ्यापायी त्यांचे खाडे झाले. मी त्यांच्या नात्याची नाही, गावची नाही. माझं गाव लांब, तिकडं मराठवाड्यात. तरी त्या माझ्यासोबत आल्या. आठवलं की अजून मान खाली जाते.

आता झालं ते.

"अहो, तुम्ही तर चांगल्या धडधाकट उभ्या आहात की!"

नगरपालिकेतले साहेब असं म्हणाले आणि हसले. समोर चहा पीत बसलेले दोन ठेकेदार हसले. मीही हसले. हो, मीपण.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. कुबडी घेऊन चालते. बाजारओळीत एका दुकानात पिको-फॉलचं काम करते. ओळीच्या तोंडाशी साखळी आहे, गाड्या आत सोडत नाहीत. माझी तीनचाकी स्कूटी दुकानापर्यंत न्यायला पालिकेनंच पास दिला होता. त्याची मुदत संपली. ती वाढवून घ्यायला गेले होते. एवढंच.

"जरा दारापर्यंत चालून दाखवा बरं."

मी चालले. मांडीवर हात दाबून. तो हात पदराखाली लपवून. दारापर्यंत गेले, परत आले. आणि मनात काय, तर बरं झालं, पडले नाही, साहेबांपुढं शोभा झाली नाही.

"मस्त चालता! मग पास कशाला? बाजारात सगळेच पायी फिरतात."

कुबडी कुठं होती? बाहेर. चपलांपाशी, भिंतीला टेकवलेली.

माझा बाप ऊसतोडीला जायचा. मुकादम समोर आला की हातातली काठी खाली टाकायचा. मोठ्या माणसापुढं काठी धरून उभं राहिलं की माज दिसतो, म्हणायचा. माझी कुबडीही त्यातच आली. मुकादमाच्या ओट्यापुढं ती खाली ठेवून मी बापाचं धोतर धरून उभी राहायचे. शाळा सहावीत सुटली. ही शिकवण नाही सुटली.

पुढं पालिकेचा कागद आला. अर्जदार विनाआधार उभ्या राहू व चालू शकतात, सबब मुदतवाढ नाकारण्यात येत आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. स्कूटी साखळीपाशी लावायची आणि ओळीतून गर्दीचे धक्के खात दुकानापर्यंत जायचं. चूक आपलीच, असंच वाटायचं. दुकानदार आधीच कुरकुरायचे, हिच्या गाडीनं गिऱ्हाईक अडते म्हणून. म्हटलं, चला, त्यांचा तरी रस्ता मोकळा झाला.

ओळीच्या शेवटी चावीवाले बाबा बसतात. त्यांचा एक पाय गुडघ्याखालून नकली आहे. त्यांच्या गाडीलाही तसाच पास होता. मुदत संपली तसे तेही गेले. साहेब म्हणाले, "ती पिकोवाली बाई चालून दाखवते, तुम्हाला काय झालं?" बाबा चालले. फरशीवर आपटले. कपाळाला टाके पडले.

हे बाबांनीच मला सांगितलं, हसत. "तू लय मस्त चालली म्हने वं साहेबापुढं. मले काई तसं जमलं नाई."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. मी चालले म्हणून त्यांना चालवलं होतं.

संध्याकाळी मावशींनी तो भरलेला डबा पाहिला. "जेवली काऊन नाई वं?" मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, साहेबावर चिडतील. त्या माझ्यावर चिडल्या.

"कुबडी बाहेर ठेवली? काऊन?"

"साहेबांपुढं काठी कशी न्यायची मावशी?"

"ते काठी होय? अवं, तो पाय होय तुहा! पाय दाराबाहेर ठेवून आत गेलती तू! माहा आजा पाटलाच्या घरावरून जातानी पायातली वहाण काढून हातात घ्याचा. मंग एक दिवस नाई काढली. मार खाल्ला, पन नाई काढली. तू तं पायच काढून ठेवला!"

मला रडू आलं नाही. लाज वाटली.

मावशींनी मेसवर सुट्टी सांगितली. एक दिवस डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणण्यात आणि अपील लिहून घेण्यात गेला, दुसऱ्या दिवशी आम्ही पालिकेत गेलो. मी कुबडीसकट आत गेले. साहेबांनी बसा म्हटलं नाही. मी बसले. कुबडी मांडीवर आडवी घेतली. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं केलेलं अपील टेबलावर ठेवलं.

"हे काय? आधी चालून दाखवा."

"नाही चालणार."

"काय म्हणालात?"

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय, ते वाचा. मी चालून दाखवणार नाही. चावीवाल्या बाबांनाही परत चालवायचं नाही."

"आवाज चढवू नका."

मागून मावशी बोलल्या, "आवाज कुठं चढवला साहेब तिनं? बसली फक्त. तेच सहन होऊन नाई राह्यलं तुमाले."

अपिलावर शिक्का मिळाला. पास अजून मिळाला नाही, सुनावणी लागायची आहे. मी रोज साखळीपासून चालते. बाबा चावी घासायला वाकले की त्यांच्या कपाळावरचा व्रण दिसतो. ते मला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सुनावणीला कुबडी घेऊन जाईन. खुर्ची नसली तर फरशीवर बसेन. पण चालून दाखवणार नाही. कुणालाच नाही.

मावशींचे गुडघे आता दुखतात. जिन्यात थांबतात, आणि मला कळू नये म्हणून पदर सारखा करत राहतात. एक ना एक दिवस त्यांनाही कुठल्या तरी टेबलामागून कुणीतरी म्हणेल, चालून दाखवा. मावशी, त्या दिवशी मी तुमच्या बाजूला असेन. स्कूटीवर मागं बसवून थेट दारापर्यंत नेईन तुम्हाला. आत गेल्यावर आधी खुर्ची ओढीन, तुम्हाला बसवीन. त्याच्याशी मग बोलू.