मुद्देमालातली डबी

ती घटना आठवली की आजही अमोनियाचा वास नाकात चढतो आणि मी उठून खिडकी उघडतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

वसाहतीत दूध थंड करून पिशव्यांत भरणारा एक कारखाना होता. थंडाव्यासाठी तिथं अमोनिया वापरत. एका दुपारी मशीनरूममध्ये गळती झाली आणि एक कामगार कोसळला. नगरच्या सिव्हिलमध्ये तो वाचला. पण शेजारच्या पॅकिंग हॉलमधला धोक्याचा भोंगा वाजलाच नव्हता, आणि त्या हॉलमध्ये पाळीला तीस-चाळीस बायका असत. मी कारखाना रिकामा करून गेटवर पहारा बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "भोंग्याच्या कॉम्प्युटरमधी भायेरचा माल घातलाय. नेटवर्कवाल्या पोराचा डबा बघा." फोन कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नेटवर्कवाला म्हणजे कारखान्यातला तंत्रज्ञ. पारनेरकडचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्याची बायको तिथेच पॅकिंगला होती. गेटवर त्याचा जेवणाचा डबा उघडला, तर भाकरीखाली प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटीएवढी एक धातूची डबी निघाली. पंचनाम्यात तिला काय म्हणावं हे पंचांना कळेना, मलाही कळेना. शेवटी 'एक चपटी धातूची डबी, टोकाला दोन भोके' असं लिहून, लाखेचं सील मारून ती मुद्देमालात जमा केली.

मॅनेजर माझ्या आधी ठाण्यात येऊन बसला होता. "घातपात आहे साहेब. युनियनचा माणूस आहे तो," म्हणाला. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायला हवंच होतं, कारण वरून सारखे फोन येत होते. निघताना त्याने विचारलं, "आमच्या फिटरने गळती काढलीये. लाखो लिटर दूध नासेल. दुपारपाळी चालू करू ना?" आरोपी हातात होता. मी मान हलवली. त्याची स्टेशन डायरीत नोंद केली नाही.

मग चौकशी. त्या काळी आमची चौकशी कशी चाले ते वाचकांनी समजून घ्यावं. मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला. त्याच्या ओठांना कंप सुटला होता. तीन तास तो एकच वाक्य म्हणत राहिला, "मी काय न्हाई केलं सायेब." माझ्या अनुभवाने सांगितलं, हा काहीतरी लपवतोय. अनुभव बरोबर होता. तो काय लपवतोय एवढंच मला कळलं नव्हतं.

दीडच्या सुमारास हवालदार चहा घेऊन आला आणि सहज बोलला, "साहेब, मॅनेजरचा फोन होता. कंप्रेसर चालू केला, बाया कामावर गेल्या."

पोरगा ताडकन उठला. कप खाली पडून फुटला.

"सायेब, ती डबी द्या! आत्ता द्या! तिच्याबिगर भोंगा वाजायचा न्हाई!"

मग तो धडाधड बोलला. गॅस हुंगणारं यंत्र मशीनरूममध्ये, भोंगा हॉलमध्ये. दोहोंमधला निरोप काचेच्या तारेतून एका स्विचकडे, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीकडे, जायचा आणि तार त्या स्विचला या डबीतून जोडलेली असायची. स्विच बनवणाऱ्या कंपनीची डबी महाग, म्हणून मॅनेजरने पुण्याहून दुसऱ्याच कुणाची आणली होती. ती उत्तम चालायची. पण बाहेरची डबी दिसली तर स्विचची गॅरंटी रद्द होईल, ही धास्ती. म्हणून कंपनीचा इंजिनिअर यायचा असला की मॅनेजर सांगे, "पाहुण्यांची भांडी काढा." मग फक्त दाखवण्यापुरती कपाटात जपून ठेवलेली एकुलती अस्सल डबी स्विचमध्ये आणि चालती डबी याच्या जेवणाच्या डब्यात. इंजिनिअरची पाठ वळली की पुन्हा अदलाबदल.

"काल अस्सल डबी काडून मॅनेजरनी कपाटात कुलपात ठिवली. इंजिनिअर हापिसात च्या पीत हुता, म्हनून मी थांबलो. तेवढ्यात गॅस सुटला. मी त्या मानसाला उचलून भायेर पळालो, मागनं गेट बंद झालं. आज गुपचूप बशिवणार हुतो, तर तुमी धरलं."

"आधी का बोलला नाहीस?"

"मॅनेजर म्हनला, त्वांड उघाडलं तर दोघांची नोकरी जाईल. मला वाटलं, कारखाना बंद हाय, कुनाला काय व्हनार."

मी फोन उचलला. कारखान्याचा फोन एंगेज. भोंग्याचा जीव माझ्याच कपाटात सीलबंद पडला होता. पंच बोलवायला वेळ नव्हता. मी स्वतः लाख फोडली आणि त्याला जीपमध्ये घातलं. तो वाटेत एकदाच बोलला, "लई भ्या वाटतंय सायेब." मी जीप आणखी दामटली.

गेटमधून शिरताच मी ओरडलो, "कंप्रेसर बंद करा!" तो स्विचकडे धावला. त्याने डबी खाचेत सरकवली, तार खोचली. बारीक हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी भोंगा किंचाळू लागला. गळती पुन्हा सुरू झालीच होती. मशीनरूमचं दार बंद होतं, म्हणून बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

बायका तोंडाला पदर लावून बाहेर धावल्या. त्याची बायको शेवटून तिसरी आली. तिला पाहिल्यावर तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

पुढे मॅनेजरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पोराला मी साक्षीदार केलं. माझीही खातेनिहाय चौकशी झाली. पंचांशिवाय सील का फोडलं, एवढंच विचारलं गेलं. मी ठपका घेतला.

भ्यालेला माणूस गुन्हेगारासारखाच दिसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे कुठल्याही चौकशीत मी आधी एवढंच विचारत असे, "तुला भीती कुणाची आहे?" बऱ्याचदा समोरचा नुसता माझ्याकडे बघायचा, तेच उत्तर असायचं.

दुपारपाळी चालू करायला मान कुणी हलवली, हे मात्र चौकशीत कुणी विचारलं नाही. मॅनेजरनेही सांगितलं नाही आणि मीही नाही. मलाही नोकरी होती. त्या पोराला मी तीन तास ज्यासाठी झोडपलं, तेच मी इतकी वर्षं केलं. आज प्रथमच सांगतोय.