अर्ध्या कागदाचे चंपतराव

तेलंगणातल्या इचोड्याच्या चंपतरावांना जगातलं पुष्कळ ठाऊक होतं, पण सगळं अर्धं. त्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला पांढरकवड्याहून मराठी वर्तमानपत्रांची रद्दी यायची. तिच्यात मुलांच्या पुरवण्या असत आणि पुरवण्यांत ‘नवलाई विज्ञानाची’ म्हणून चौकट असे. चंपतराव ती चवीनं वाचत. अडचण एवढीच की पुडीसाठी कागद मधोमध फाडलेला असे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, इथवर कागद साथ देई. शहामृगाचा डोळा त्याच्या स्वतःच्या... एवढं म्हणून तो फाटे. मग चंपतराव स्वतःच ‘पोटापेक्षा मोठा’ असं वाक्य पुरं करत आणि मिरच्या घ्यायला आलेल्या बाईला ऐकवत. ती बाई मान डोलवी. तिला मिरच्या हव्या असत.

वच्छलाबाईंनी वीस वर्षं हे ज्ञान ऐकलं होतं, एका कानानं, कारण दुसरा गिऱ्हाइकाकडे लागे. दुकान त्यांच्या जिवावर चाले, हे नवरा सोडून सगळ्या इचोड्याला ठाऊक होतं.

त्या पावसाळ्यात इंद्रवेल्लीकडून मधाचे दोन डबे आले. श्रावण सोमवारी महादेवाच्या पंचामृतासाठी गल्लीतल्या जयवंताबाई चंपतरावांच्या दुकानातून मध नेत, आणि त्या नेतील तिथूनच गल्लीतल्या चाळीस घरांचं श्रावणाचं सामान जाई. बसस्टँडपाशी काचेचं नवं दुकान झालं होतं. जयवंताबाईंचा पाय तिकडे वळला की झालंच, हे वच्छलाबाई ओळखून होत्या.

“मध पातळ दिसून राह्यला,” त्या म्हणाल्या. “झाकण तरी लावा.”

“कायले? मध कधीच खराब होत नाही. कागदात हाय.”

“कागदात पुढं काय हाय?”

“पुढचा फाटला.”

पुढे झाकण घट्ट लावायला सांगितलं होतं, पण तो अर्धा तुकडा मोहरीची पुडी होऊन कुणाच्या तरी घरी गेला होता. डबे आठवडाभर उघडे राहिले. बाहेर पाऊस, आत मध. मधानं हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि वर फेस धरला.

“हे आंबलं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“फेस म्हंजे शुद्धपणाची खूण.”

“हेबी कागदात होतं?”

“हे माहं.”

वच्छलाबाई पिठाच्या गिरणीवर गेल्या होत्या तेवढ्यात जयवंताबाई आल्या. चंपतरावांनी मध मापून दिला आणि वर ज्ञानही दिलं. सोमवारी महादेवाच्या देवळात पंचामृताचा वास दारापर्यंत गेला. सुधाकरराव पुजाऱ्यांनी एक पळी तीर्थ घेतलं, थोडा विचार केला आणि दुसरीही घेतली.

दुपारी जयवंताबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मागे सात-आठ बाया.

“चंपतराव, मी मध मागतला होता. मोहाची नव्हती मागतली.”

“मामी, मध कधीच—”

“तुमी चूप राहा,” वच्छलाबाई म्हणाल्या. मग जयवंताबाईंकडे वळून, “मामी, चूक आमची हाय. दोन्ही डबे नालीत टाकतो. तुमी सांगा काय करू.”

जयवंताबाईंनी पदर सावरला. “सामान तुमचं चांगलं हाय, वच्छला. ज्ञान वाईट हाय. ज्ञान बंद होत असल तर येतो, नाही तर बसस्टँडवर जातो.”

डबे सगळ्यांच्या देखत ओतले गेले. वच्छलाबाईंनी त्याच आठवड्यात पांढरकवड्याची रद्दी बंद केली आणि इचोड्याच्याच रद्दीवाल्याकडून तेलुगू वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणवला. चंपतरावांना तेलुगू बोलता यायचं, वाचता एक अक्षर येत नव्हतं. तीन दिवस ते गल्ल्यावर गप्प बसले. जयवंताबाई आल्या, साखर आणि खोबरं घेऊन गेल्या, मागोमाग बाकीच्या बायाही आल्या. वच्छलाबाईंना वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी जिऱ्याची पुडी बांधता बांधता चंपतराव एका चित्रापाशी थांबले. चित्रात हत्ती पाण्यात उभा होता.

“कुसुमबाई,” ते समोरच्या बाईला हलक्या आवाजात म्हणाले, “हत्ती सोंडेनं श्वास घेतच नाही, ठाऊक हाय?”

वच्छलाबाईंनी मापलेली डाळ तशीच ताजव्यात राहू दिली. मराठी कागद निदान अर्धं तरी खरं सांगत होता.